दहा मिनिटांचं काम

बुधवार, ३ सप्टेंबर २०२५, ओतूर

आजपासून दैनंदिनी. डायरी पाइप कंपनीने जानेवारीतच भेट दिली होती, पण जानेवारीतच लिहायला बसण्याची घाई मला पटत नाही. वर्ष जरा रुळलं की लिहायला मजकूर मिळतो.

मोबाइलवर एका सरांचं व्याख्यान ऐकलं. सर म्हणाले, चालढकल हा आजार आहे आणि रोज दैनंदिनी लिहिणं हे त्याचं औषध. मला हा आजार नाही. स्टँडमागचं हार्डवेअरचं दुकान मी एकहाती चालवतो आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हटलेलं नाही. पण आमची ही, म्हणजे अंजना, आज सकाळी माहेरी कळंबला गेली आणि जाताना म्हणाली, "न्हाणीला कडी बसली की फोन करा. तवर मी भावाकडं." हिचा स्वभाव मुळात विनोदी.

घडलं ते एवढंच. परवा गौरीपूजनाला घोडेगावचे व्याही सावळेराम, म्हणजे आमच्या अश्विनीचे सासरे, घरच्यांना घेऊन जेवायला आले. पाय धुवायला परसात गेले आणि त्यांनी न्हाणीचं दार ढकललं. ही आत होती. सकाळपासून चुलीपुढे पुरण घाटून घामाघूम झालेली, पंगतीआधी अंगावर दोन तांबे घ्यायला गेलेली. व्याही देवमाणूस. डोळे गच्च मिटून मागे फिरले आणि थेट चौकटीवर आदळले. कपाळाला हे एवढं टेंगूळ. मी स्वतः हळद लावली. पंगतीत कोणी एक अक्षर काढलं नाही. ही वाढायला बाहेर आली नाही, तेवढं सोडलं तर सगळं छान निभावलं.

मेहुणा सोपान टेम्पो घेऊन आला होता. चार दिवसांच्या माहेरपणाला शिलाई मशीन कशाला न्यायची ते मला कळलं नाही. जड होती. टेम्पोत चढवायला मीच हात लावला.

गुरुवार, ४ सप्टेंबर

कडीचा शांतपणे विचार केला. काम दहा मिनिटांचं आहे. ज्या कामाला दोन दिवस लागतात त्याची तयारी करावी लागते, तारीख धरावी लागते. दहा मिनिटांचं काम केव्हाही होतं. त्यामुळे त्यासाठी आजच उठायला पाहिजे असं काही नाही.

जुनी कडी अश्विनीच्या हळदीच्या दिवशी निखळली. घरात पन्नास माणूस. तेव्हा म्हटलं, लग्न उरकू दे, हात रिकामा झाला की बघतो. आता अश्विनीची श्रेया दुसरीत आहे. मधल्या काळात हिने तक्रार केली असं म्हणता येणार नाही. सांगायची अधूनमधून. आणि स्वतःच तोडगा काढला होता, दाराला आतून भरलेली बादली टेकवून ठेवायची. उत्तम सोय होती. परवा नेमकी ती बादली पाहुण्यांना पाय धुवायला म्हणून अंगणात नेलेली होती. मीच नेली होती.

रविवार, ७ सप्टेंबर

आज कडी बसवणारच होतो. काल गणपती विसर्जन होतं, ढोलांच्या आवाजात ड्रिल चालवून काय उपयोग. आज दुपारपासून ग्रहणाचे वेध. वेधात लोखंड हातात घेऊ नये असं मी कुठेतरी ऐकलं आहे. कुठे ते आठवत नाही, पण धोका कशाला पत्करा. उद्या पितृपंधरवडा लागतो, त्यात नवं काम काढत नाहीत. म्हणजे आता सरळ घटस्थापनेपर्यंत माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही. खरं लिहायचं तर फार हलकं वाटलं.

हिला फोन करून सगळं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मंग यंदा घटबी तुमीच बसवा."

हे मात्र बोलायला नको होतं. आमच्या घरात घट सुनेने बसवायचे असतात. आजीने बसवले, आईने बसवले, मग हिने. एक वर्ष चुकलेलं नाही आणि पुरुषाचा हात त्या मातीला लागलेला नाही. ती आली नाही तर देवी कोरडी राहणार आणि गल्लीला कारण सांगावं लागणार. अर्थात येईल. घटाला न येणारी बाई मी पाहिलेली नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

चालढकलीवर मी विजय मिळवला आहे. सर म्हणतात, मोठ्या कामाआधी बारीकसारीक कामं उरकून मन मोकळं करा. चार दिवसांत पाण्याची टाकी घासली, माळा उतरवला, दळण आणलं, विजेचं बिल भरलं. नवरात्राआधी घर धुऊन काढतात, तेही काढलं. सगळ्या गोधड्या मांडवी नदीवर नेऊन धुतल्या. पाण्यात उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावत होत्या. कौतुक वाटलं असणार.

आज शेजारच्या प्रयागबाई भिंतीवरून म्हणाल्या, "भाऊ, आमच्या न्हाणीची कडी लई ढिली झालीया. कोणाला तरी धाडता का?" कोणाला कशाला धाडायचं? दुकानातून नवी कडी, चार स्क्रू आणि ड्रिल घेऊन मी स्वतः गेलो. दहा मिनिटांत काम फत्ते. पैसेसुद्धा घेतले नाहीत. प्रयागबाईंनी चहा केला, म्हणाल्या, "अंजनाबाई नशीबवान."

चहा संपायच्या आत कळंबहून हिचा फोन. "प्रयागवैनीची कडी बसवली म्हणं?" मी म्हटलं, हो, दहा मिनिटांत. तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. रेंजचा त्रास आहे कळंबला.

रविवार, १४ सप्टेंबर

वडिलांची तिथी. स्वयंपाकाला अश्विनी घोडेगावहून सकाळी आली. अंघोळ करून चुलीला लागायचं होतं. टॉवेल-साडी घेऊन परसात गेली, न्हाणीच्या दाराशी उभी राहिली, परत आली आणि प्रयागबाईंकडे अंघोळीला गेली. मी म्हटलं, अगं, आपल्याकडे पाणी तापलंय. म्हणाली, "अण्णा, तिथं कडी आहे."

जेवणं झाल्यावर माझ्यासमोर बसली. "आमचे मामंजी गौरीपासून घरात मान वर करून बसत नाहीत. आईला तोंड कसं दाखवू म्हणतात. आणि आई म्हणते, मी त्यांना कसं दाखवू. तुम्हाला काहीच वाटत नाही का?" मी म्हटलं, वाटतं ना, टेंगूळ बसलं का त्यांचं? अश्विनी उठून भांडी घासायला गेली. फार आपटून घासते. सासरी लागलेली सवय असावी.

कावळा घासाला फार उशिरा शिवला. वडिलांचा स्वभावही तसाच होता, कोणतीही गोष्ट सवडीने.

बुधवार, १७ सप्टेंबर

नारायणगावला गाडी बदलून कळंबला जाऊन आलो. शेवगाठी नेल्या होत्या. सोपानने हातात पाणी दिलं आणि तो शेतात निघून गेला. ओसरीवर हिची मशीन मांडलेली आणि भोवती कापडांचा ढीग. नवरात्राच्या नऊ रंगांचे ब्लाउज शिवायला अर्धं कळंब हिच्याकडे येतंय. ओतूरला एवढी वर्षं मशीनवर टॉवेल वाळत घालायचो आम्ही.

ही अंघोळीला गेली होती. मी ओसरीवर बसून होतो, न्हाणी पलीकडच्याच भिंतीला. आतून पाण्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. आमच्याकडे ही न्हाणीत गेली की सारखी बादली वाजवते, खोकते, मोठ्याने अभंग म्हणते. मी चारचौघांत सांगायचो, हिला गाण्याची फार आवड. सोपानच्या बायकोला विचारलं, ही आजारी आहे का, आवाज नाही तो? ती म्हणाली, "दाजी, आतनं कडी लावल्याव वरडायचं कशाला?"

याचा विचार करायला हवा. सवडीने करीन.

ही बाहेर आली. केस पुसत म्हणाली, "बसली का?" मी पितृपंधरवड्याचं सांगायला सुरुवात केली. तिने मशीन सुरू केली. माझं बोलणं मलाच ऐकू येईना. शेवगाठी तिथेच राहिल्या.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

दोन दिवस सकाळी एक कडी खिशात टाकून ठेवतो, दुपारी घरी नेऊ म्हणून. दोन्ही दिवस गिऱ्हाईक आलं आणि खिशातलीच काढून दिली. माझा तसा नियमच आहे, आधी गिऱ्हाईक, मग घर. आज कड्यांचा पुडाच संपला. शोकेसमध्ये नमुन्याची पितळी तेवढी उरली. ती शोभेची, तिला हात लावत नाही.

दुपारी जुन्नरचा तय्यब सुतार आला. त्याने मागल्या महिन्यात नेलेली एक कडी परत आणली. "शेठ, हिची मूठ हातात येती. दुसरी द्या." दुसरी नव्हती. पैसे परत दिले. कडी दिसायला चांगली होती. फेकवेना. म्हटलं, घरच्या न्हाणीला चालेल.

तय्यब जायला निघाला आणि थांबला. "शेठ, राग मानू नका. काल कामाला घोडेगावात व्हतो. तिथं लोकं म्हनत्यात, कड्या इकनाऱ्याच्या घरात कडी न्हाई. मी येऊ का? जाता जाता ठोकून देतो."

मी ताडकन म्हटलं, मी हार्डवेअरवाला असून सुतार बोलावू? लोक काय म्हणतील?

"आता म्हनायचं काय राह्यलंय, शेठ," असं बोलून तो गेला. कारागिरांना हल्ली जिभेवर ताबा नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री अमावस्या. मी तीन दिवस वाट पाहिली, शेवटी तिचाच फोन.

"उद्या पहिल्या गाडीनं येते. परडी, माती, समदं घेऊन. घट बसवते, आरती करते नि सांजच्या गाडीनं माघारी. रोज माळ घालाया प्रयागवैनीला सांगितलंय. नवमीला येऊन उठवते."

मी म्हटलं, अगं, नऊ दिवस घरात दिवा आणि तू कळंबला? घर कोणाचं आहे?

"मी देवीसाठी येतीया," ती म्हणाली. "तिला न्हाणी लागत न्हाई."

फोन ठेवल्यावर घरात फिरलो. स्वच्छ टाकी, धुतलेल्या गोधड्या, रिकामा माळा. सगळी कामं झालेली आहेत आणि घरात कोणी नाही. मला भीती वाटली. ती नवमीला घट उठवेल आणि पुढच्या वर्षी परत पहिल्या गाडीने येईल, पाहुण्यासारखी. आत्ताच कडी ठोकावी असं मनात आलं. पण अमावस्या. उद्या ती यायच्या आत.

सोमवार, २२ सप्टेंबर, घटस्थापना

जे घडलं ते लिहितो.

उजाडताच तय्यबची परत आलेली कडी घेतली. दार पावसाने फुगलेलं होतं, खांद्याने रेटून बंद केलं, आतून खुणा केल्या, दार उघडून भोकं पाडली, स्क्रू आवळले. खरंच दहा मिनिटं लागली. कडीकडे बघत नुसता उभा राहिलो. मला फार वाईट वाटलं. दिवसभर लागला असता तर एवढं वाटलं नसतं.

मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, कडी बसवली की आत जाऊन लावून बघायची. आत गेलो. दार रेटलं, कडी सरकवली. घट्ट बसली. काढायला गेलो तर मूठ हातात आली. दांडी चौकटीत रुतलेली, फुगलेल्या दाराने ती आणखी आवळून धरलेली. स्क्रू ड्रायव्हर बाहेर पायरीवर. मोबाइल घरात चार्जिंगला.

ओरडलो नाही. हार्डवेअरवाला आपल्याच कडीत अडकला हे गल्लीत कळणं परवडणारं नव्हतं. म्हणून आधी खोकलो. मग बादली वाजवली. मग अभंगाची एक ओळ येत होती ती म्हटली.

भिंतीपलीकडून प्रयागबाई म्हणाल्या, "आल्या का अंजनाबाई? चालू द्या, चालू द्या. कोणी न्हाई येत हिकडं." आणि त्यांनी परसातून खेळणाऱ्या पोरांनाही हाकललं.

तेव्हा मला कळलं की या घरात बादली वाजली की माणसं लांब जातात. तेवढ्यासाठीच ती वाजत होती. एवढी वर्षं.

मी ओल्या दगडावर बसून राहिलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग फाटक वाजलं, घरात हाका झाल्या, पावलं परसात आली.

"कोण हाय आत?"

"मी. कडी बसवली."

"बसली का?"

"बसली. पण निघत नाही. पायरीवर स्क्रू ड्रायव्हर आहे, दाराखालून सरकव."

मग तिने प्रयागबाईंना हाक मारून हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि प्रयागबाईंचं हसू भिंतीला धडकलं. मग ही दाराजवळ आली.

"देवीचं आधी. तुमचं काय, दहा मिन्टाचं काम. कवाबी व्हतंय."

आणि गेली. मी आतून सगळं ऐकलं. परडीत माती चाळून टाकली, धान्य पेरलं, घटात पाणी ओतलं. गल्लीतल्या बायका जमल्या. आरती झाली, मी आत हात जोडून उभा होतो. आरतीनंतर परसात गलका झाला आणि कोणीतरी बाहेरून दार ढकललं. मी अंगभर कपड्यांत होतो. तरी दोन्ही हातांनी दार दाबून धरलं आणि "आत माणूस आहे, आत माणूस आहे" असा ओरडलो. कडीने दार धरून ठेवलेलं होतं, हे नंतर लक्षात आलं. तिच्या दाराला काही नव्हतं.

शेवटी दाराखालून स्क्रू ड्रायव्हर आला. स्क्रू काढून कडीच उतरवली तेव्हा सुटलो. बाहेर बायका ओळीने उभ्या. ही पुढे आली, माझ्याकडे बघितलं नाही, दाराकडे बघितलं. दारावर चार भोकं होती आणि कडी माझ्या हातात. म्हणजे पुन्हा होतं तिथेच.

"सांजची गाडी हायेच," ती म्हणाली आणि पिशवी भरायला घरात गेली.

मी तसाच ओल्या कपड्यांनी दुकानावर गेलो. शटर वर केलं. शोकेसच्या काचेमागची पितळी कडी काढली. पायरीवर एक गिऱ्हाईक नळाची तोटी मागत उभं होतं. मी म्हटलं, "उद्या या." आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिलं.

घरी येऊन दाराची फुगलेली कड रंध्याने तासली. बोटाला लागलं. ही पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसून होती, मदतीला उठली नाही. कडी बसली तशी आत गेली, लावली, काढली, लावली, काढली. बराच वेळ तेवढाच आवाज येत होता. बाहेर येऊन म्हणाली, "चांगलीया. इतकी वर्सं काचेत ठिवली व्हती व्हय?"

सांजची गाडी गेली. ती गेली नाही. मी विचारलंही नाही, गाडी स्टँडवरून सुटल्याचा हॉर्न आला तेव्हा श्वास सोडला.

मंगळवार, २३ सप्टेंबर, दुसरी माळ

सकाळी ही अंघोळीला गेली. मी परसात झेंडूची फुलं तोडत होतो. कडी लागल्याचा आवाज आला आणि मग फक्त पाणी. बादली नाही, खोकला नाही, अभंग नाही. मी फुलं हातात घेऊन ऐकत उभा राहिलो. गाण्याची आवड तिला कधीच नव्हती. ती बाहेर यायच्या आत डोळे पुसले.

ओल्या केसांनी तिने माळ घातली, दिव्यात तेल वाढवलं. अश्विनीला फोन लावला, व्याह्यांना दसऱ्याला जेवायला बोलाव म्हणाली. चहा चांगला झाला होता. सगळं जिथल्या तिथे बसल्यासारखं वाटलं. मग पुढच्या खोलीच्या खिडकीपाशी, जिथे तिची मशीन असायची तिथे, फरशीवर चार पायांचे चार डाग दिसले.

मी सहज विचारलं, "मशीन कधी आणायची? सोपानला टेम्पो घेऊन ये म्हणू का?"

"आणू की," ती विड्याची पानं पुसत म्हणाली. "हात रिकामा झाला की बघते."

ते वाक्य माझं आहे. त्यात किती वर्षं मावतात ते मला चांगलं ठाऊक आहे.